विम्याचा पैसा कोणत्या हातांपर्यंत पोहोचतो?

भिवपुरी रोड स्थानकातून ठाण्याला जायला एक लोकल पुरते. रायगड जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या अलिबागला मात्र रेल्वेने जाता येत नाही. खोपोली किंवा पनवेलकडून एसटी बदलत आधी पेण गाठायचे आणि मग पुढे निघायचे. कर्जत-खालापूर भागात घरात कोणी मानसिक आजाराने बेजार झाले की हा भूगोल अंगावर येतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा रुग्णालयाला जोडलेले, म्हणजे अलिबागला. १९०१ सालापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्याला. मधल्या टापूत कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे, काही खासगी दवाखाने आणि वाड्यावाड्यांतले भगत. २०१२ पासून या चित्रात गोरगरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा आला. मानसिक उपचार ज्यांच्या हातून होतात त्या माणसांची संख्या, त्यांची ठिकाणे आणि त्यांचे काम यांवर या विम्याचा काय परिणाम होतो, याबद्दल आज जाणकारांत एकमत नाही. त्या चर्चेचा हा आढावा.

माणसे किती आणि कुठे

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, तंबाखूचे व्यसन वगळून, १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपण हे आकडे वापरतो ते अंदाज म्हणून. मनोविकारतज्ज्ञांचे देशातले प्रमाण लाख लोकसंख्येमागे ०.७५ आहे. ते किमान ३ असावे, असे संसदीय समितीने २०२३ मध्ये आणि त्यानंतरच्या आर्थिक पाहणीनेही नमूद केले. सरासरीत हा जो पाऊण माणूस येतो, तोही मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत एकवटलेला आहे. कर्जतच्या डोंगरपट्ट्यात, खांडस किंवा कळंबच्या बाजूला, सरासरीला काही अर्थ उरत नाही.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे या क्षेत्रातले सगळे मनुष्यबळ नव्हे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते, मानसोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका, समुपदेशक आणि गावपातळीवर आशाताई व समुदाय आरोग्य अधिकारी असा हा मोठा गोतावळा आहे. मानसशास्त्रज्ञ तयार होण्याची वाटही सध्या खाचखळग्यांची झाली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता मिळवून देणारा दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. पदवीच बंद केल्यामुळे अडचणीत आला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला तो २०२५-२६ पर्यंत खास बाब म्हणून चालू ठेवावा लागला.

महाराष्ट्रात हे मनुष्यबळ पिढ्यानपिढ्या घडले ते चार मनोरुग्णालयांभोवती. येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५ अशा एकूण ५,६९५ मंजूर खाटा. तिथले डॉक्टर, परिचारिका, अटेंडंट सरकारी पगारावर. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६ पासून त्याचे जिल्हा पातळीवरचे रूप. त्यातून उपचार मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर आणायचे ठरले. जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी पदे ठेवली गेली. त्यांतली बरीच पदे कंत्राटी. कंत्राटी माणूस चांगली संधी मिळताच जातो आणि त्याने ओळखीचे केलेले रुग्ण पुन्हा नव्या माणसाकडे पहिल्यापासून सगळे सांगत बसतात. विम्याची चर्चा सुरू होण्याआधीपासूनचा हा प्रश्न आहे, आणि विम्याचे मोजमाप करताना तो विसरून चालत नाही.

विमा कसा आला

आपल्याकडचा सगळ्यात जुना सरकारी आरोग्य विमा म्हणजे कर्मचारी राज्य विमा, मूळ कायदा १९४८ चा. खोपोली, रसायनी, पाताळगंगा या पट्ट्यातल्या कामगारांना तो परिचयाचा. कामगार पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो, पगाराची मर्यादा २१,००० रुपये. या योजनेची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. दीर्घ आजारांच्या तिच्या यादीत स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य, उन्माद-नैराश्य यांसारखे आजार आहेत, आणि अशा आजारात कामगाराला दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. शिवाय ही योजना स्वतःची रुग्णालये आणि दवाखाने चालवते, तिथे पगारी डॉक्टर नेमते. म्हणजे विम्याचा हप्ता आणि सेवा देणारा माणूस एकाच व्यवस्थेत. पण ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या, कागदावर न आलेल्या मजुराला ती लागू होत नाही, आणि या टापूत असे मजूर खूप आहेत.

त्यांच्यासाठी आली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी ती राज्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि रायगड त्या आठांत होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड दाखवायचे, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार रोकडीशिवाय. भर शस्त्रक्रिया, हृदयविकार, कर्करोग, डायलिसिस यांवर. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली, कुटुंबामागे पाच लाखांची, आणि २०२० मध्ये राज्यात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. २०२३ च्या जुलैमधल्या निर्णयानुसार उपचारांची संख्या १,३५६ झाली, मर्यादा पाच लाख झाली आणि कार्डाचा रंग न पाहता सगळ्या कुटुंबांना योजना खुली झाली.

मानसिक आजार या वाटेवर उशिरा आले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, अंमल २०१८ च्या मे अखेरीपासून. त्याच्या कलम २१ ने विमा कंपन्यांना सांगितले की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजारालाही द्या. विमा नियामकाने २०१८ च्याच ऑगस्टमध्ये परिपत्रक काढले, तरी कंपन्या टाळत राहिल्या. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एका रुग्णाच्या बाजूने निकाल द्यावा लागला आणि २०२२ मध्ये नियामकाने पुन्हा मुदत घालून दिली. हे झाले विकत घेतलेल्या पॉलिसीबद्दल. सरकारी योजनेत मानसिक विकारांची १७ पॅकेजे आली, व्यसनांशी संबंधित विकार त्यांतच. सुरुवातीला ती सरकारी रुग्णालयांपुरती राखून ठेवली होती आणि उपचार करणारा मनोविकारशास्त्राचा पदव्युत्तर डॉक्टर असणे आवश्यक होते.

पैसा खाटेला लागतो

या शेवटच्या अटींतच सगळ्या वादाचे मूळ आहे. सरकारी योजना पैसे देते ते रुग्ण दाखल झाल्यावर. प्रधानमंत्री योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, समुपदेशनाची बैठक, घरी जाऊन केलेली चौकशी, गोळ्या बंद केलेल्या माणसाला शोधून काढणे यांपैकी कशालाही क्लेम नाही.

समजा, डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या कातकरी वाडीवरचा तरुण स्किझोफ्रेनियाने आजारी पडला. बडबड, संशय, रात्रीची भटकंती. घरच्यांनी आधी भगताकडे नेले, मग आशाताईंच्या सांगण्यावरून ठाण्याला. तो दाखल झाला, पंधरा-वीस दिवसांत शांत झाला, घरी आला. इथपर्यंत विमा कामाला येऊ शकतो. पुढे निदान दोन-तीन वर्षे गोळ्या घ्यायच्या असतात. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येते. तिथे जवळचे आरोग्य केंद्र कोणते, गोळ्या कोण देणार, हाता-पायाला कंप सुटला तर कोणाला विचारायचे? हा तरुण पुन्हा बिघडणार की सावरणार हे या मधल्या महिन्यांत ठरते, आणि त्या महिन्यांत लागणाऱ्या माणसाच्या कामाला विम्याच्या दरपत्रकात ओळ नाही. तो पुन्हा बिघडून दाखल झाला तर मात्र आहे.

विमा मनुष्यबळ घडवतो, याबद्दल शंका नसावी. या योजनांनी आपल्या डोळ्यांसमोर नवे व्यवसाय उभे केले. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात टेबल मांडून बसलेले आरोग्यमित्र, पूर्वपरवानगीचे कागद तपासणारे डॉक्टर, क्लेम भरणारे कर्मचारी हे २०१२ पूर्वी नव्हते. ज्या उपचाराला दर ठरला, त्याची यंत्रे आणि तंत्रज्ञ वाढायला कारण मिळाले. मानसिक आजारांत दर ठरला तो खाटेला आणि पदव्युत्तर डॉक्टरला. मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका त्या दरात विरघळून गेले, त्यांच्या कामाची वेगळी किंमत कुठे दिसत नाही. माझ्या मते सगळ्या चर्चेतला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे.

मांडल्या जाणाऱ्या भूमिका

विम्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. ते म्हणतात, मागणीशिवाय माणूस येत नाही. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ थांबत नाही कारण पैसे देऊ शकणारे रुग्ण पुरेसे नसतात. विम्याने ती खात्री दिली तर तो थांबेल, लहान रुग्णालये दहा-बारा खाटांचा विभाग काढतील, त्याबरोबर परिचारिका आणि मानसशास्त्रज्ञ येतील. म्हणून पॅकेजे खासगी रुग्णालयांनाही मोकळी करावीत आणि दर वाढवावेत. त्यांचा आणखी एक मुद्दा भिवपुरीकराला लगेच पटेल. जिल्हा कार्यक्रम जिल्ह्याच्या हद्दीने चालतो, विमा रुग्णाबरोबर प्रवास करतो. ज्याला अलिबागपेक्षा ठाणे, कळवा किंवा मुंबई जवळची, त्याला ही मोकळीक खरी सोय आहे.

त्यांना उत्तर देणारे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक म्हणतात की ही गणिते शस्त्रक्रियेची आहेत. मोतीबिंदूचा सर्जन दिवसाला अनेक रुग्ण हातावेगळे करतो. मनोविकारतज्ज्ञाला एका नव्या रुग्णाला पाऊण तास द्यावा लागतो. विम्याचा दर कितीही वाढला तरी शहरातली खासगी प्रॅक्टिस त्याहून सोपी राहणार. शिवाय मुळात माणसेच कमी असताना दर वाढवून तीच माणसे सरकारी नोकरीतून खासगीत जातील, ही भीती आहे. त्यांच्या मते अंदाजपत्रकातून पगार, कायम पदे आणि पदव्युत्तर जागा वाढवणे हाच रस्ता. या बाजूने एक स्थानिक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. भिवपुरी रोडजवळच्या तासगावकर शैक्षणिक संकुलात अलीकडे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, अलिबागला सरकारी महाविद्यालय झाले, कामोठ्याला एमजीएमचे आधीपासून आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकारशास्त्राचा विभाग नियमाने आलाच, आणि आता आंतरवासिता करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला या विभागात दोन आठवडे काढावे लागतात. कर्जत तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ येण्याचे निमित्त विम्यापेक्षा असे नियमच ठरू शकतात.

तिसरी भूमिका मला सर्वांत विचार करायला लावते. तिचे पुरावे बरेचसे मराठी मुलखातलेच आहेत. गोव्यात विक्रम पटेल आणि संगत संस्थेच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले की थोडे प्रशिक्षण दिलेले, डॉक्टर नसलेले समुपदेशक सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंताविकाराच्या रुग्णांना बरे व्हायला मदत करू शकतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम चालला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांत २७.२ टक्के झाले. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीशी निगडित गटाने नाशिकच्या पेठ तालुक्यात आत्मीयता प्रकल्पात गावातल्याच माणसांना हाताशी धरले. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच कार्यकर्ते करत आले आहे. म्हणजे लाखामागे तीन तज्ज्ञ होईपर्यंत थांबायची गरज नाही, हे सिद्ध झाले आहे. अडचण पैशाची. प्रकल्प संपला की मानधन संपते. या लोकांचे म्हणणे असे की विम्याने एका रुग्णाच्या वर्षभराच्या देखभालीचे पॅकेज करावे. त्यात गोळ्या, तज्ज्ञाची तिमाही तपासणी आणि गावातल्या कार्यकर्त्याच्या भेटी यावेत, आणि ते देणारे पथक म्हणून आरोग्य केंद्राला मान्यता मिळावी.

यावर आशाताईंच्या संघटनांकडून येणारा प्रश्न रास्त आहे. गरोदर बाई, लसीकरण, क्षय, कुष्ठ, रक्तदाब यांत आता मनाचे आजारही; प्रत्येक कामाला वेगळा मोबदला, आणि कायम पगार मात्र नाही. स्वस्त हात म्हणून त्यांच्याकडे पाहून जर हा भार टाकला जाणार असेल तर ते मनुष्यबळ घडवणे होत नाही.

आणखी एक आवाज बाजूला ठेवून चालणार नाही. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर मांडले की मानसिक त्रासाकडे फक्त आजार म्हणून पाहणे हीच अडचण आहे. विमा निदानाचा कोड मागतो, कोड मिळाला की माणसावर शिक्का बसतो, आणि ज्याला घर, काम, हिंसेपासून सुटका हवी असते त्याला गोळी मिळते. या दृष्टीने विम्याची भर म्हणजे डॉक्टरी मनुष्यबळाचीच भर. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. जे वाचले त्यांच्या दुःखाला कोणत्या पॅकेजचे नाव द्यायचे? त्यांना हवे होते ते घर, आपली माणसे जवळ आणि महिनोन्‌महिने येऊन बसणारे कोणीतरी. पण याच भूमिकेला उत्तर म्हणून गंभीर मनोविकाराच्या रुग्णांची कुटुंबे सांगतात की शिक्क्याच्या भीतीने उपचार लांबवल्याची किंमत त्यांनी मोजली आहे. दोन्ही अनुभव खरे आहेत.

विम्याबाहेरचे कर्जत

या टापूत मानसिक आरोग्याचे सर्वांत नावाजलेले काम विम्याशिवाय उभे आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे कर्जतजवळ वेणगावला २००६ पासून केंद्र आहे. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचे, बरे करायचे आणि बोलू लागले की गाव शोधून घरी पोहोचवायचे. हे घर बिहारात असेल, आसामात असेल. त्यासाठी अनेक भाषा जाणणारे, रेल्वेत दोन-दोन दिवस रुग्णाबरोबर बसणारे, घरच्यांना गोळ्या समजावून सांगणारे सामाजिक कार्यकर्ते लागतात. येताना ज्याला स्वतःचे नावही सांगता येत नाही त्याचे रेशन कार्ड कुठून आणायचे? हे काम देणग्यांवर चालते. देणगीने असे मनुष्यबळ घडवले जे कोणत्याही दरपत्रकाने घडवले नसते, आणि ते एका संस्थेपुरते राहिले, हेही खरेच.

इतर देशांत काय घडले

अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खासगी विमा स्वीकारणारे मनोविकारतज्ज्ञ सुमारे ५५ टक्के होते, तर इतर शाखांचे डॉक्टर ८९ टक्के. गरिबांसाठीची मेडिकेड योजना तर याहूनही कमी मनोविकारतज्ज्ञ स्वीकारत होते. माणसे दुर्मीळ असली की ती विम्याला नाही म्हणू शकतात. ऑस्ट्रेलियाने २००६ पासून मानसशास्त्रज्ञाच्या बैठकांना सरकारी विम्यातून परतावा दिला. मानसशास्त्रज्ञांचा व्यवसाय फोफावला, पण पुढच्या मूल्यमापनात दिसले की सुखवस्तू भागांना त्याचा लाभ अधिक मिळाला. जर्मनीने १९९९ मध्ये मानसशास्त्रीय उपचारकांना विम्यात थेट स्थान दिले, मात्र कोणत्या भागात किती उपचारक हे ठरवून. तिथे रांगा आजही आहेत. इंग्लंडने २००८ मध्ये विम्याचा विचारच केला नाही, सरकारी खर्चाने हजारो उपचारक शिकवून नेमले. चिलीने नैराश्याच्या कार्यक्रमासाठी प्राथमिक केंद्रांत मानसशास्त्रज्ञ आधी नेमले आणि मग २००० च्या दशकाच्या मध्यात नैराश्य सरकारी उपचार-हमीच्या यादीत घातले. हा क्रम आपल्याकडे नेमका उलटा झाला आहे.

न सुटलेले

बाह्यरुग्ण उपचारांचा विमा देशात अशक्य नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना एक लाखापर्यंत देते आणि त्यात नियमित थेरपीचा खर्च धरते. ती मानसिक आजाराला का लावू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही. विरोधातला गंभीर आक्षेप एकच, गैरवापराचा. खाट मोजता येते, बोलणे कसे मोजायचे? झालेल्या भेटी, चालू असलेल्या गोळ्या आणि कामावर परतलेला माणूस यांतले काय मोजून पैसे द्यायचे, यावर एकमत नाही. गावातल्या कार्यकर्त्याच्या कामावर देखरेख कोणी करायची हाही प्रश्न तसाच. कारण देखरेख करू शकणारा मनोविकारतज्ज्ञ आधीच बाह्यरुग्ण विभाग, न्यायालयीन कामे आणि अपंगत्वाची प्रमाणपत्रे यांत अडकलेला असतो. २०२२ पासूनच्या टेलिमानस सेवेने, १४४१६ या क्रमांकाने, यातले काही दूरध्वनीवर आणले आहे. पण फोनवर बोललेल्या माणसाला पुढे जवळचे केंद्र जोडून देणे अजून माणसांवरच अवलंबून आहे.

कायद्याने एक तारीख मात्र घालून ठेवली आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम ३१ सांगते की अंमल सुरू झाल्यापासून दहा वर्षांत मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा सरकारने प्रयत्न करावा. ती मुदत २०२८ मध्ये संपते. कायद्याच्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ते बसतात, आशाताई आणि गावचे समुपदेशक बसत नाहीत. मोजणी राज्याची करायची, जिल्ह्याची की तालुक्याची, हे कलमात लिहिलेले नाही.